आधी उघडून बघा

हिंमतराव मेश्रामांना टाइप करता येत नव्हतं आणि त्यांच्या बायकोला दिसत नव्हतं. कर्वेनगरच्या दोन खोल्यांच्या घरात दोघं मिळून एक कॉम्प्युटर चालवायचे.

प्रेमलाबाईंनी सदाशिव पेठेतल्या एका टायपिंग क्लासमध्ये सत्तावीस वर्षं शिकवलं. आधी मशीनवर, आणि मशीनच्या परीक्षा बंद झाल्यावर कॉम्प्युटरवर. मग साखरेनं डोळे धरले. पहिल्यांदा पेपरातली बारीक अक्षरं गेली, मग बसच्या पाट्या, मग माणसांचे चेहरे. शेवटची चार वर्षं त्यांना खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. पण कीबोर्डवर हात ठेवला की बोटं आपापल्या जागी जाऊन बसायची. क्लासमध्ये त्या मुलींना हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावायच्या. "आता रुमाल डोळ्यांवर पडलाय," म्हणायच्या, "बोटांना काय फरक पडतो?"

हिंमतराव भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. इंग्रजी आयटीआयपुरतं, म्हणजे ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते कळण्यापुरतं. कीबोर्डवर एकेक अक्षर हुडकताना त्यांना घाम फुटायचा. पण चष्मा लावला की पडद्यावरचं सगळं वाचता यायचं. तेव्हा त्यांनी वाचायचं आणि तिनं टाइप करायचं, अशी वाटणी झाली.

कॉम्प्युटर वैजनाथनं बसवून दिला होता. वैजनाथ बाईंचा जुना विद्यार्थी, त्याच पेठेत त्याचं दुरुस्तीचं दुकान. बाईंसाठी त्यानं जुन्या डब्यात लिनक्स घातलं आणि सांगितलं, "बाई, चित्रांवर माउस नेऊन दाबायचं म्हणजे दिसायला हवं. तुम्ही सरळ हुकूम टाइप करा. हुकमाला डोळे लागत नाहीत." पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी सोयही त्यानं करून दिली होती. तिचं मराठी दोन दिवस ऐकून प्रेमलाबाई म्हणाल्या, "काढून टाक रे ते. त्यापेक्षा आमचे हे बरे. वाचताना निदान श्वास तरी घेतात."

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की अपडेट. त्यात कधी खंड पडला नाही. चार ॲप होती त्या कॉम्प्युटरवर: एक रेडिओचं, एक चिठ्ठ्यापत्रांचं, एक फोटोंचं आणि एक लिहिण्याचं. प्रेमलाबाई काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायच्या आणि मान वर करून थांबायच्या.

"काय म्हणतोय?"

"सहा नावं दिलीत. खाली विचारतोय, पुढे जाऊ का? वाय की एन?"

"मग? जाऊ दे की."

वाय दाबलं की पडद्यावर आकडे पळायला लागायचे. हिंमतराव ते वाचायचे, चाळीस टक्के, पंचावन्न टक्के, आणि मधेच म्हणायचे, "तहसील कचेरीतसुद्धा इतक्यांदा विचारत नाहीत."

"विचारतोय ते चांगलंच आहे. न विचारता करणारी माणसं घरात आहेतच."

एवढ्यावर काम संपायचं नाही. अपडेट झालं की त्या म्हणायच्या, "आता उघडून बघा." मग चारही ॲप एकेक करून उघडायची, आतलं जागेवर आहे का ते बघायचं, बंद करायची. एकदा रेडिओ उघडेना, तेव्हा तो परत जुन्यावर आणावा लागला होता. हे सगळं झालं की तिसरं काम साफसफाईचं. जी ॲप काढून टाकली असतील, त्यांचा मागे राहिलेला पसारा पुसून टाकायचा. वैजनाथनं त्यासाठी एक वेगळा हुकूम शिकवला होता. डिस्क लहान होती, आणि बाईंना पसारा खपत नसे.

"भाडेकरू गेला की खोली झाडून घ्यायची," त्या म्हणायच्या. "पण तो खरंच गेलाय का ते आधी बघायचं."

ही तीन कामं त्यांनी सांगितली आणि हिंमतरावांनी वहीत उतरवून घेतली. एक, अपडेट. दोन, उघडून बघणे. तीन, साफसफाई. दोनपुढे हुकूम काही नव्हता, म्हणून तिथे हिंमतरावांनी नुसती रेघ ओढली होती.

चौथं ॲप, लिहिण्याचं, हेच खरं प्रेमलाबाईंचं. त्यात त्या आपल्या आईची गोष्ट लिहीत होत्या, छप्पन साली ती दीक्षेला गेली तिथपासूनची. रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास. आणि लिहायला बसायच्या आधी रोज पहिल्यापासून वाचून घ्यायच्या.

"काल वाचलं की," हिंमतराव म्हणायचे.

"काल मी कालची होते. आज ऐकू दे."

मग ते वाचायचे.

"माझी आई सुंदराबाई चौदा वर्षांची असताना बापाचं धोतर नेसून नागपूरला गेली, पूर्णविराम. घरात पांढरं लुगडं नव्हतं, पूर्णविराम. पांढरं असं ते एकच धोतर, स्वल्पविराम, म्हणून बाप गेला नाही, पूर्णविराम. आई येईपर्यंत तो लंगोटीवर घरात बसला..."

स्वल्पविराम सांगावेच लागायचे. बाईंचं म्हणणं, टाइप केलेलं दिसत नाही तर निदान ऐकू तरी यावं. तीन वर्षांत त्या लिखाणाची एकवीस पानं झाली. पहिलं पान हिंमतरावांनी किती वेळा वाचलं असेल, त्याला गणती नव्हती. एकविसावं त्यांनी एकदाच वाचलं.

बाविसाव्याची गोष्ट वेगळी होती.

तो गुरुवार होता. सहा वाजता सोसायटीची मीटिंग होती, टँकरच्या पाण्यावरून. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाशी हिंमतरावांची आदल्या दिवशीच जुंपली होती, आणि आज त्याला चार लोकांत काय सुनवायचं ते मनात घोळत होतं. प्रेमलाबाई टाइप करत होत्या. एरवी त्या टाइप करताना तोंडानं पुटपुटायच्या. त्या दिवशी गप्प होत्या. नुसती बोटं चालली होती, भराभर. सहाला पाच मिनिटं असताना त्या थांबल्या.

"अहो, एवढं वाचा जरा."

हिंमतराव पायात चपला घालून दारातून परत आले. चष्मा खिशात होता. तो काढला नाही. पडद्यावर भरलेलं पान दिसत होतं, काळ्या ओळी, खाली थोडी मोकळी जागा.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"सगळं वाचलंत?"

"सगळं वाचलं. कुठे चूक नाही."

प्रेमलाबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "काही म्हणणं नाही तुमचं?"

"काय म्हणायचं? चांगलं आहे. येतो मी, ते लोक वाट बघतायत."

"बरं," त्या म्हणाल्या. कीबोर्डवरचे हात त्यांनी काढून मांडीवर ठेवले.

मीटिंग साडेसातपर्यंत चालली. टँकरचं काही ठरलं नाही. शनिवारी सकाळी प्रेमलाबाईंना धाप लागली, दवाखान्यात नेलं, आणि बुधवारी त्या गेल्या.

त्यानंतर अकरा महिने हिंमतरावांनी कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. धूळ पुसायचे ती कापडावरूनच. लोक म्हणाले, बाईंच्या आठवणीनं जिवावर येत असेल. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण ते पान होतं. ते तिथं आत होतं, आणि कापड काढलं की ते वाचावं लागणार होतं. एखाद्या दिवशी ते ठरवायचे, आज वाचू. मग जेवण व्हायचं, ऊन उतरायचं, आणि राहून जायचं. त्यात काय असेल याचा ते विचार करायचे. "काही म्हणणं नाही तुमचं?" असं तिनं का विचारलं असेल, याचा तर रोज.

कल्याणीचा, म्हणजे त्यांच्या मुलीचा, बाणेरहून फोन आला तेव्हा पहिला स्मृतिदिन पाच आठवड्यांवर आला होता.

"बाबा, आईनं आजीचं लिहिलं होतं ना? त्याची छोटी पुस्तिका छापू. त्या दिवशी सगळ्यांना देता येईल. नागपूरहून मामा येणारेत, त्यांना तर द्यायलाच हवी."

"हो," हिंमतराव म्हणाले. "देऊ की."

"मी रविवारी अकराला येते. फाइल काढून घेते."

रविवारी हिंमतराव पहाटेच उठले. अंघोळ केली, फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली, चहा केला. मग कापड काढलं. कॉम्प्युटर सुरू झाला. त्यांना वाटलं होतं, सुरू होणार नाही. बाईंच्या खुर्चीवर त्यांनी एक स्टूल ठेवलं होतं, ते काढून खाली ठेवलं, पण स्वतः त्या खुर्चीवर बसले नाहीत. नेहमीच्या बाकड्यावर बसले आणि तिथून वाकून एका बोटानं वहीतला पहिला हुकूम टाइप केला. एका ओळीला चार मिनिटं लागली.

नावांची भलीमोठी यादी आली. अकरा महिन्यांचं साचलेलं. त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं.

"तेवीस नावं दिलीत. पुढे जाऊ का विचारतोय. वाय की एन?"

हिंमतराव थोडं थांबले. उजवीकडे बघितलं. मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे," आणि वाय दाबलं.

मधेच त्यानं आणखी एक विचारलं. लिहिण्याचं ते ॲप आता कोणी सांभाळत नाही, त्याच्या जागी दुसऱ्या नावाचं नवं आलं आहे, जुनं काढून नवं घालू का? हे त्यांनी दोनदा वाचलं. जुनं मोडलं असेल तर नवं घ्यायलाच हवं. कारखान्यातही तसंच असायचं. वाय. आकडे पळाले, ऐंशी टक्के, नव्वद टक्के, आणि झालं.

आता दोन. उघडून बघणे.

रेडिओ उघडला. लागला. चिठ्ठ्यांचं उघडलं, फोटोंचं उघडलं. लिहिण्याच्या नव्या ॲपवर त्यांनी माउस नेला आणि बोट थांबलं. उघडलं की ते पान समोर येणार. ते ॲप नेहमी शेवटी जिथं सोडलं तिथंच उघडायचं, हे त्यांना माहीत होतं. साडेदहा वाजले होते. कल्याणी येईलच. तिच्यासमोर उघडू. तीच वाचेल. आपण ऐकू. ऐकताना माणसाला तोंड दुसरीकडे फिरवता येतं.

त्यांनी वहीतल्या दोन नंबरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि ते खाली तीनवर सरकवलं.

साफसफाईचा हुकूम टाइप केला. त्यानं विचारलं, अमुक एका ॲपचा डेटा पुसू का? नाव ओळखीचं होतं. ते लिहिण्याच्या ॲपचं जुनं नाव होतं. हिंमतरावांनी विचार केला. नाही असं नाही, केला. जुनं गेलं, त्याच्या जागी नवं आलं, तेव्हा जुन्याचा कचरा पुसायलाच हवा. भाडेकरू गेला, खोली झाडा. आणि इतक्या वर्षांत तिनं कधी एन दाबलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

वाय.

क्षणात झालं. आकडेसुद्धा पळाले नाहीत.

कल्याणी सव्वाअकराला आली. येताना नाचणीची बिस्किटं घेऊन आली. आईच्या खुर्चीवर बसली, ॲप उघडलं आणि म्हणाली, "बाबा, हे रिकामं आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. नवीन लिहा, असं म्हणतंय. यात काहीच नाही."

हिंमतराव पुढे वाकले. पांढरा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ उघडझाप करत होती.

"तुम्ही काय केलंत सकाळी?"

"अपडेट केलं. नेहमीसारखं. मग साफसफाई."

"कसली साफसफाई?"

काळी खिडकी अजून उघडी होती. कल्याणीनं ती वर सरकवत नेली, वाचत गेली, आणि खालच्या ओळीवर आली. तिथं त्या जुन्या ॲपचं नाव होतं, पुढे प्रश्न होता, आणि त्यापुढे हिंमतरावांनी दाबलेलं एक अक्षर.

"बाबा, एक फोन करता आला नसता का मला?"

"तू येणारच होतीस."

"मग थांबायचं होतं ना! अकरा महिने थांबलात, अर्धा तास नाही थांबवलं? ती तीन वर्षं लिहीत होती. आंधळी बाई, तीन वर्षं!" तिचा आवाज फुटला. "दुसरीकडे कॉपी कुठे ठेवली होती?"

"ती म्हणायची, पुरं झालं की एकदम छापून काढू. अर्धवट कशाला काढायचं."

कल्याणीनं तोंडावर ओढणी धरली. हिंमतरावांनी बिस्किटांचा पुडा उचलून आत नेऊन ठेवला आणि ओट्यापाशी उभे राहिले.

सोमवारी दोघं कॉम्प्युटरचा डबा घेऊन वैजनाथकडे गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दारावर पाटी होती: 'थोडा वेळ बसतो असे म्हणू नये, बसायला जागा नाही.' बाईंचा कॉम्प्युटर म्हटल्यावर मात्र त्यानं स्वतःचं स्टूल हिंमतरावांना दिलं. तासभर त्यानं वेगवेगळ्या तऱ्हेनं शोधलं. मग हात पुसले.

"नाही काका. जुनी फिरती डिस्क असती तर काहीतरी खरवडून काढलं असतं. ही नवी आहे, मीच घातली होती, वेग यावा म्हणून. हिच्यात पुसलं की पुसलं."

"पण नव्या ॲपमध्ये जुना मजकूर का आला नाही?" कल्याणीनं विचारलं.

"आला असता. नवं पहिल्यांदा उघडलं की ते जुन्याचं सगळं आपल्याकडे ओढून घेतं. उघडलं नव्हतं का?"

कल्याणीनं बापाकडे बघितलं.

"एकदा उघडलं असतं तरी..." वैजनाथ बोलता बोलता हिंमतरावांकडे बघून थांबला. "जाऊ द्या. मीही तो हुकूम शिकवायला नको होता. बाईंना पसारा आवडायचा नाही, म्हणून शिकवला. माझ्या टेबलाकडे बघून म्हणायच्या, वैजनाथ, तुझ्याकडे चोर आला तर तोच आवरून जाईल." तो हसला, आणि मग वळून उगाच एक वायर गुंडाळायला लागला.

दोघं रिक्षानं परत निघाले. डबा दोघांच्या मध्ये होता. कर्वे पुतळ्यापाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ती म्हणाली, "मामांना काय सांगू? छापतोय म्हणून सांगून बसलेय मी."

हिंमतराव समोर बघत होते. ते म्हणाले, "माझी आई सुंदराबाई चौदा वर्षांची असताना बापाचं धोतर नेसून नागपूरला गेली, पूर्णविराम."

कल्याणीनं मान वळवली.

"घरात पांढरं लुगडं नव्हतं, पूर्णविराम. पांढरं असं ते एकच धोतर, स्वल्पविराम, म्हणून बाप गेला नाही, पूर्णविराम. आई येईपर्यंत तो लंगोटीवर घरात बसला, स्वल्पविराम, कोणी हाक मारली तर आतूनच ओ द्यायचा, पूर्णविराम. पवनीहून चालत अडीच दिवस लागले..."

सिग्नल सुटला. रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं. हिंमतराव बोलतच होते. वनदेवीच्या चढापर्यंत त्यांचं पहिलं पान झालं आणि घराच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा आजी नागपूरच्या वेशीवर एका विहिरीवर पाय धूत होती.

"सगळं येतं?" कल्याणीनं विचारलं.

"रोज पहिल्यापासून वाचून घ्यायची ती. मी कटकट करायचो."

त्यानंतरचे चार रविवार कल्याणी सकाळी यायची आणि आईच्या खुर्चीवर बसायची. हिंमतराव बाकड्यावर. ते सांगायचे, ती टाइप करायची. तिचा हात आईसारखा नव्हता, बघून टाइप करायची, मधेच मागे पडायची. "थांबा, थांबा, बाबा. 'ओंजळीत' च्या पुढे?" मग ते मागच्या वाक्यापासून परत सुरू करायचे, कारण मधूनच सुरू करता येत नव्हतं. पहिली दहा पानं पाण्यासारखी आली. पुढे पुढे अडायला लागलं. पंधराव्या पानानंतर एखादं वाक्य हाताला लागायचं, त्याच्या पुढचं लागायचं नाही. हिंमतराव डोळे मिटून बसायचे.

"काहीतरी घाला ना तुमच्या मनानं," कल्याणी एकदा म्हणाली. "आईला चाललं असतं."

"नसतं चाललं. जागा सोड तिथं."

तशा तेरा जागा सोडाव्या लागल्या. त्या कामात कल्याणीचा राग कधी गेला ते हिंमतरावांना कळलं नाही. एका रविवारी तिनं डब्यातून वांग्याची भाजी आणली, एवढंच.

चौथ्या रविवारी ते एकविसाव्या पानावर आले. ते त्यांनी एकदाच वाचलेलं, पण गंमत अशी की त्याचा शेवट त्यांना पक्का आठवत होता. प्रेमलाबाईंची नोकरी नवीन होती आणि त्यांची आई पहिल्यांदा पुण्याला आली होती. क्लास सुटल्यावर लेकीनं तिला आत नेलं आणि मशीन दाखवलं.

"आईनं एका कळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, स्वल्पविराम, हे काय आहे, प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, स्वल्पविराम, हा र आहे, स्वल्पविराम, तुझ्या नावातला, पूर्णविराम. आईनं बोट लगेच काढून घेतलं, स्वल्पविराम, जसं काही ते अक्षर दुखलं असतं, पूर्णविराम."

कल्याणीनं टाइप केलं. डोळे पुसले. "पुढे?"

हिंमतराव पडद्याकडे बघत होते.

"संपलं का इथं?"

"नाही."

"मग आठवा. सावकाश आठवा, घाई नाही."

"आठवायला वाचायला तर हवं," हिंमतराव म्हणाले. "पुढे एक पान होतं. गुरुवारी लिहिलं तिनं. मला म्हणाली, वाचा. टँकरची मीटिंग होती. मी चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. वाचलं म्हणून सांगितलं."

कल्याणी खुर्चीतच त्यांच्याकडे वळली.

"काही म्हणणं नाही का तुमचं, असं विचारलं तिनं मला. मी म्हटलं, चांगलं आहे." त्यांनी वही उचलली, परत ठेवली. "ते तिनं लिहिलं, पण तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, तर मी बघितलं नाही. आता कुणालाच माहीत नाही त्यात काय होतं. त्या साफसफाईच्या दिवशी मी ते उघडलं नाही, ते ह्याच भीतीनं. तू म्हणालीस ना, अर्धा तास का थांबला नाहीत."

खाली कोणीतरी टँकरवाल्याला गाडी मागे घ्यायला सांगत होतं. कल्याणी काही तरी म्हणायला गेली. "आईला..." एवढंच म्हणाली. मग तिनं पडद्याकडे तोंड केलं आणि कीबोर्डवर बोटं ठेवली.

"मग इथं थांबवू का? 'दुखलं असतं' वर? लोकांना काही कळणार नाही, बाबा. चांगला शेवट आहे तो."

"नको. खोटं बोलून एकदा झालंय. टाइप कर."

ते ताठ बसले.

"यापुढे आणखी एक पान होतं, पूर्णविराम. ते प्रेमलानं लिहिलं आणि मला वाचायला सांगितलं, पूर्णविराम. मी न वाचता वाचलं म्हणालो, पूर्णविराम. नंतर ते माझ्याच हातून पुसलं गेलं, पूर्णविराम. मधल्या रिकाम्या जागाही माझ्याच आहेत, स्वल्पविराम, तिच्या नाहीत, पूर्णविराम."

"तुमचं नाव घालू खाली?"

"घाल. पूर्ण नाव घाल."

कल्याणीनं नाव टाइप केलं. ते लिहून झाल्यावर तिनं हात मांडीवर ठेवले, अगदी आईसारखे, आणि बापाकडे वळून बघितलं. हिंमतरावांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"आता पहिल्यापासून वाच," ते म्हणाले. "मी ऐकतो. मधलं काही गाळू नकोस."